मामा हितं थांबायचे

सातारा-सांगलीच्या राजकारनात मामासाहेबांना डावीकडं वळवायचं का उजवीकडं, ह्ये एकटा मी ठरवायचो. वळान जवळ आलं की मामा शेजारच्या सीटवरनं माज्या मांडीत काठी टोचून दिशा सांगायचे, तेवढीच काय ती त्येंची मदत.

मी गनपत, मामासाहेबांच्या जीपचा डायवर. दिवाळी अंकाची मानसं घरी आली आन् म्हनली, आप्पा, धंद्यातल्या आठवनी द्या. मला सहीच्या पलीकडं लिवाय येत न्हाई. म्हनून मी बोलतुया आन् नातसून लिवून घेतीया. मदनंमदनं ती हसती, तवा मला वाटतं, काय तरी झकास बोललो. इचारलं तर म्हनली, "न्हाई आप्पा, मला खरं वाटंना म्हनून हसले."

तर फुडाऱ्याची गाडी चालवायची म्हंजे काय, ह्ये भायेरच्या मानसाला कळत न्हाई. आमची जीप मिलिटरीच्या लिलावातनं आलेली, पेट्रोलवरची. थंडीत हँडल मारल्याबिगर जागी हुयाची न्हाई. उनाळ्यात चढाला लागली की पेट्रोलचा पंप तापायचा आन् बाईसाहेब रुसायच्या. मग पंपाला वलं फडकं गुंडाळायचं आन् गार हुस्तवर बिडी वडत बसायचं. त्ये फडकं मामांच्या फाटक्या धोतराचं असायचं. मामा गेल्यावर त्या फडक्यासाटी दोन गावांत भांडान लागलं. मी म्हनलं, "आरं, त्येला ग्रीसचा वास येतुया." तर म्हनली, "ग्रीसचा न्हवं, मामांचाच वास हाय." खरं सांगायचं तर वास माजा हुता.

पन गाडी चालवनं ह्यो धंद्यातला सोपा भाग. अवघड काम म्हंजे ऐकू न येनं. मागं चार मानसं बसून कुनाला उभा करायचा, कुनाला पाडायचा, ह्येची मसलत करत्यात. डायवरनं रस्त्याकडं बघायचं. मला ह्ये बरं जमायचं, कारन निम्मं कळायचंच न्हाई.

आता मामा कोन, त्ये सांगतो. आमदार एकदाच झाले, पन माणापास्नं जतंपतूर गावागावात "मामांचा गट" हुता. गट म्हंजे पक्ष न्हवं. पक्ष बदलता येतो. गट बदलला तर सोयरीक मोडती. मामांचं मागनं एकच हुतं, ह्या वरच्या कोरड्या रानाला पानी द्या. फलटणला जाऊन उसाच्या मळेवाल्यांच्या तोंडावर म्हनायचे, "तुमचा ऊस पितोय आन् आमचं मानूस तान्हेलंय." लोक त्येंच्यावर जीव टाकायचे. मी पन टाकायचो. मामा रागावलं तरी बरं वाटायचं.

आन् मामांना साखरेचा इकार हुता. कारखान्याच्या पट्ट्यात हिंडायचं आन् च्या बिनसाखरेचा प्यायचा, असलं नशीब. त्या इकारात मानसाला घडीघडीला लगवीला जावं लागतं. म्हसवड सोडून आटपाडीच्या अंगाला निगालो की एक वळान लागायचं. तितं हिवराचं झाड आन् झाडाखाली दगडाची ताल. ताल म्हंजे वगळीनं व्हावून जानारं पानी आन् माती आडवायला घातलेला बांध. त्येच्याआड मानूस उभा ऱ्हायला की रस्त्यावरनं कमरंच्या वरचाच दिसायचा. मामा बरूबर तितंच काठी टोचायचे. मी गाडी उभी करायचो. मामा तालीआड जायाचे आन् डोंगराकडं त्वांड करून उभं ऱ्हायाचे. वय झाल्यालं, लवकर उरकायचं न्हाई. बराच येळ तसंच.

एकदा मागच्या जीपमदनं शिरपतराव उतरले. शिरपतराव म्हंजे मामांचा उजवा हात, पंचायत समितीचे सभापती. कडक टोपी, खिशाला दोन पेनं. माज्या कानाशी लागून म्हनले, "गनपा, मामा हितं उभं ऱ्हाऊन काय बघत्यात रं?"

गाडीत म्हयला मंडळाच्या दोन बाया बसल्याल्या. त्येंच्यादेखत काय सांगायचं? मी म्हनलं, "ईचार करत्यात."

"कशाचा?"

"ह्या रानाला पानी कवा येनार, त्येचा."

शिरपतरावांनी टोपी सारकी केली. दोन्ही बाया खाली उतरल्या आन् हात जोडून उभ्या ऱ्हायल्या. तेवढ्यात मामा धोतर सावरत आले. बघत्यात तर समदी हात जोडून गप. त्येंला वाटलं, कोन तरी खपलं. त्येंनी पन हात जोडले.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली मामा गेले. मिरजंच्या दवाखान्याभायेर मी जीपला टेकून रडत हुतो आन् मनात म्हनत हुतो, गट आता म्हैन्यात फुटनार. गटात सगळेच फुडारी, मामांचा ल्योक नोकरीपायी परमुलखात, मग गाडी हाकनार कोन?

पन गट फुटला न्हाई. उलटा घट्ट झाला. कसा, त्ये मी आतनं बघितलं. मामा जिते हुते तवा लोक त्येंचं निम्मं ऐकायचे आन् निम्मं सोडायचे. मामा गेल्यावर समद्यांचं भांडान एकाच जागी येऊन थांबायला लागलं: मामा असते तर काय म्हनले असते? जिता मानूस "न्हाई" म्हनू शकतो. गेलेला कवाच म्हनत न्हाई. ज्याला जे पायजे त्ये त्याच्या तोंडात घालता येतं. फकस्त चारचौघांत घालाय लागतं, तेवढीच अट.

आन् मामांच्या तोंडाच्या सगळ्यात जवळ बसनारा कोन? मी. झालं! ज्याला कुनी बिडी इचारत न्हवतं त्या गनपाला लोक घरी येऊन इचाराय लागले. मामांना भाकरी जुंधळ्याची आवडायची का बाजरीची? सोसायटीला कोन उभा ऱ्हायलेलं मामांना चाललं असतं? मी डोळं मिटायचो, मान डोलवायचो आन् काय तरी ठोकून द्यायचो. आमची मंडळी चुलीपुढनं म्हनायची, "घरात मीट सपलंय त्ये ह्या बाबाला ठावं न्हाई, आन् मामांच्या मनातलं सांगतुया."

जीपचं तर देऊळच झालं. मामांच्या सीटवर कुनी बसायचं न्हाई, असं आपसूक ठरलं. शिरपतराव त्या सीटवर बसले असते तर दुसऱ्यानं इचारलं असतं, तूच का? दुसरा बसला असता तर तिसऱ्यानं. म्हनून सीट रिकामी, आन् समदी मागं गुडघं हनवटीला लावून. सीटवर मामांचा फोटो, त्येला हार. खड्ड्यात फोटो कलंडायचा, म्हनून मी त्यो सुतळीनं बांदला. गावात गाडी शिरली की लोक वाकायचे. एकदा जतंकडचा एक म्हातारा माज्या बाजूनं येऊन वाकला. मला वाटलं, आता आपल्याबी पाया पडाय लागले. मी आशीर्वादाला हात वर केला. म्हातारा म्हनला, "बाजूला सर की, फोटू दिसंना."

आता खरी गोष्ट.

पयल्या पुन्यतिथीला गाड्या निगाल्या आन् हिवराच्या वळनाला शिरपतरावांनी हात केला. "थांबव! मामा हितं थांबायचे." समदी उतरली. तालीआड गेली. डोंगराकडं त्वांड करून, हात जोडून, बराच येळ उभी ऱ्हायली. मी बॉनेटमदी डोकं घातलं, कारन हसू आवरंना. फुडं कुनी तितं दगड ठिवला, फकस्त शेंदूर लावायचा ऱ्हायला, कुनी पत्र्यावर रंगवून आनलं, "मामांचं चिंतनस्थान". येस्टी जाताना पासिंजर कपाळाला हात लावाय लागली. माजं हसू हळूहळू पोटातच सुकलं. म्हनलं, गनपा, तू एक शब्द बोललास आन् मानसं येस्टीतनं नमस्कार कराय लागली. आता ह्यो परत कसा घ्यायचा?

मग शिरपतरावांच्या मनात स्मारक आलं. चौथरा, पुतळा, म्होरं फुलझाडं, गाड्या लावाय जागा. आन् त्येला लागत हुती तालीतली जमीन.

ती जमीन तानाबाईची. तानाबाई धनगराची. नवरा मुंबईला गिरनीत गेला आन् तितंच वारला. पदरात दोन पोरी, पाच-धा मेंढरं. वरचं रान निव्वळ खडक, कुसळ सुदीक उगवत न्हाई. फकस्त तालीच्या पोटातल्या तुकड्यात गाळ साचल्याला. दुष्काळात समदं रान भाजून निगालं तवाबी त्या तुकड्यात कमरंएवढा जुंधळा उभा हुता. तिची चूल त्येच्यावर. त्यो तुकडा गेला तर मेंढरं इकायची आन् पोरी घिऊन खालतीकडं ऊसतोडीला जायाचं, दुसरी वाट न्हाई.

आन् तिला न्हाई म्हनायची सोय न्हवती. खडी फोडायच्या कामावर घेनारा मुकादम गटाचा, रेशनचा दुकानदार गटाचा, गावचा सरपंच गटाचा. कुनी धमकी दिली न्हाई. नुसतं म्हनायचे, "तानाबाई, मामांसाटी येवढं करनार न्हाईस व्हय?" ह्येच्यापरास धमकी बरी. त्यात ती बाई पन मामांना मानायची.

ती माज्या दारात आली. पानी सुदीक घेतलं न्हाई.

"डायवर, मामा तितं का थांबायचे?"

मी सुरू केलं, "बाय, मामा तितं ईचार..."

"गप. मी तालीच्या खालच्या अंगाला मेंढरं घिऊन बसायची. गाडी उभी ऱ्हायली की मी त्वांड फिरवायची. येवढी वर्सं त्वांड फिरवून अब्रू राकली, त्येचं ह्ये फळ?"

आमची मंडळी दाराआडनं हसली. मी म्हनलं, "मग तूच सांग की जाऊन."

"बाईमानूस मी, चारचौघांत ह्ये सांगू? जीब झडंल माजी! तू पेरलंस, तूच उपट. परवा नारळ फोडनार हायेत. त्येच्या आदी बोल."

मी कबूल झालो. लय धाडशी हाय म्हनून न्हवं. ती उटंना म्हनून.

फुडल्या पुन्यतिथीला हिवराखाली मांडव. माईक, खुर्च्या, नारळाचं पोतं. तालीच्या पोटात जुंधळा उभा, कनसं नुकती भराय लागल्याली. चौथऱ्यासाटी चुन्याची फकी मारून आखनी केल्याली, जुंधळ्याच्या मदनं पांढरी रेघ गेल्याली. तानाबाई दोन्ही पोरींना घिऊन बांधावर बसल्याली. त्या रेघंकडं ती असं बघत हुती, की माजी नजर माईककडं गेली.

शिरपतराव म्हनले, "मामांचा सावलीसारका सोबती गनपा दोन शब्द बोलंल."

माईक धरला, त्यो चिरकला. म्हनलं, "मंडळी, मामा हितं ईचार कराय थांबत न्हवते. मामांना साखरेचा इकार हुता. त्ये हितं लगवीला थांबायचे. ईचाराचं म्या उटिवलं. म्या उटिवलेल्या गोष्टीपायी ह्या बाईची जमीन घिऊ नगा."

मागं एक पोरगं फिसकन हसलं, त्येला कुनी तरी सनकन दिली. मला वाटलं, आता माजं मढं निगतंय. पन म्होरल्या रांगंतला एक म्हातारा पैलवान डोळं पुसत उटला.

"बगा रं बगा! येवढा मोटा मानूस, पन डाकबंगला न्हाई, हॉटेल न्हाई. तुमच्या-आमच्यासारका रानात!"

बाया डोळ्याला पदर लावाय लागल्या. शिरपतरावांनी माज्या हातनं माईक काडून घेतला. त्येंच्या तोंडावर पयल्यांदा भ्या आलं हुतं, आता त्ये गेलं. फुडारी असा वळखावा.

"मंडळी, बाकीचे फुडारी ह्या रानाला पानी देतो म्हनत्यात आन् पळत्यात. आमच्या मामांजवळ दुसरं काय नव्हतं, तर त्येंनी देहातलं पानी ह्या मातीला दिलं! थांबायचंच हुतं तर उसाच्या हिरव्या रानात का थांबले न्हाईत? ह्या कोरड्या मातीतच का थांबले?"

काय टाळ्या पडल्या! मामासाहेब अमर ऱ्हावोत! उसातबी मामा थांबायचे, लय वेळा थांबायचे, तितं तर आडोसा झकास. पन आता माईक माज्या हातात न्हवता. आन् असता तरी त्या उसालाबी नारळ फुटला असता.

मी खाली उतरलो. माज्या खरं बोलन्यानं जागा आनकी पवित्र झाली हुती. पुतळ्याची उंची वाडवायची बोलनी तितल्या तितं सुरू झाली. नारळवाला फुडं झाला.

तवा तानाबाई उटली. पदर डोक्यावर घेतला आन् जुंधळ्यातनं सरळ मांडवात आली. माईक मागितला न्हाई. मेंढरामागं वरडनाऱ्या बाईला माईक कशाला?

"डायवर सांगतोय त्ये खरं हाय," ती म्हनली. "पन त्येच्या मागनं काय हुयाचं, त्ये त्येला कुटलं ठावं! त्यो बॉनेटात मुंडी घालून बसायचा. मामा तालीला टेकायचे. मी त्येंला ताक द्यायची. शेवटाला आले तवा मामांनी ह्या तुकड्याकडं बोट केलं. म्हनले, तानाबाई, मी गेल्यावर लोक मला दगडात बसिवतील. तू बसू दिऊ नगंस. ह्या तालीत जुंधळा हलला, की मी हितं हाय असं समज."

वारं पडल्यालं हुतं. तरीबी समद्यांनी जुंधळ्याकडं बघितलं. त्यो हलल्यासारका वाटला. मलाबी वाटला.

पैलवानानं डोक्यावरचा पटका काडला. शिरपतराव तानाबाईकडं बघत ऱ्हायले. त्यो मानूस येडा न्हवता. समदं वळखून हुता. पन मामांचा शब्द पडला हुता, चारचौघांत पडला हुता, आन् त्येच्यावर पाय देऊन सभापती ऱ्हाता येत न्हाई. मग त्येंनी मान वळवली आन् इचारलं, "गनपा, मामा ताक प्यायचे का रं?"

ताकानं मामांचे सांदे धरायचे. ताकाचं नाव काडलं तरी शिव्या द्यायचे.

म्या म्हनलं, "व्हय. मीट घालून."

नारळ तालीवर फुटला. फकीची रेघ पायानं पुसली. पुतळा ऱ्हायला त्यो ऱ्हायलाच.

तवापास्नं दर उनाळ्यात, पावसाच्या तोंडाला, गटाची मानसं तितं यायची आन् ढासळल्याली ताल रचून द्यायची. मामांची ताल म्हनून. फुडं शिरपतराव गेले आन् गटाचे दोन गट झाले. पयला दगड कुनी ठिवायचा, ह्येच्यावरनं. मग एक गट सोमवारी यायचा, एक गुरवारी. एकाच उनाळ्यात ताल दोनदा दुरुस्त व्हायची. गाळ वाडला, तुकडा वाडला. तानाबाईच्या दोन्ही पोरी त्या जुंधळ्यावर सासरी गेल्या.

म्या ह्येच्यावर लय ईचार केलाय. मला आदी वाटायचं, असली भक्ती येड्या लोकांच्या जिवावर चालती. तसं न्हाई. ती श्यान्यांच्या जिवावर चालती. शिरपतरावांना गट पायजे हुता, पैलवानाला आपला साधा देवमानूस पायजे हुता, तानाबाईला तुकडा पायजे हुता, मला मान पायजे हुता. ज्येनं त्येनं आपापला दगड लावला. एकटा मानूस खोटं बोलला तर लोक त्येला लबाड म्हनत्यात. गावानं मिळून बोललं तर त्येची परंपरा हुती. आन् तिच्यातनं कुनाच्या चुलीला जळान मिळालं, तर मी तिला नावं ठिवनार न्हाई.

पन एक सलतं. मामा जलमभर जे मागत हुते, त्ये कुनी मागितलंच न्हाई. मामांचा फोटो ऱ्हायला, सीट ऱ्हायली, ताल ऱ्हायली. पान्याचं मागनं मामांच्या संगट गेलं. ताल रचाय आलेली मानसं टँकरचं पानी पिऊन परत जायाची. "मामा असते तर" म्हनत समदी मलाच इचाराय यायची, तवा म्या एकदा तरी म्हनाय पायजे हुतं, मामा असते तर आज मोर्चा काडला असता. म्हनलो न्हाई. मला कुनी बाजरी का जुंधळा येवढंच इचारलं आन् मी तेवढंच सांगितलं.

मागनं मी जीप सोडली आन् एका व्यापाऱ्याच्या ट्रकवर लागलो. एकदा त्याच वाटंनं जाताना हिवराला गाडी लावली. तानाबाई तालीवर बसल्याली. डोकं पांढरं झाल्यालं, जीब तशीच. तिनं ताकाचा तांब्या फुडं केला. माजं मन भरून आलं. म्हनलं, "तानाबाई, त्या दिसाची आटवन हाय का? शिरपतरावानं माज्याकडं बघितलं. सगळा मांडव माज्याकडं बघत हुता. म्या 'व्हय' म्हनलो म्हनून तुजा तुकडा वाचला. मामांचा शब्द म्या राकला."

तानाबाईनं तांब्या माज्या हातनं परत घेतला.

"मामांचा शब्द?" ती म्हनली. "येवढी वर्सं मी तालीखाली बसले, मामांच्या तोंडचा एकच शब्द माज्या कानानं ऐकलाय. गाडीत चडताना दर खेपंला म्हनायचे: गनपा, आता तरी त्वांड बंद ठिव."